न लागलेलं अक्षर

टपाल छाटणी केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत पेन न्यायला बंदी होती. पेन, पेन्सिल, कागद, मोबाईल, सगळं बाहेर पत्र्याच्या कपाटात ठेवायचं, चावी कमरेला अडकवायची आणि मग आत जायचं. जिथे दिवसभर लोकांची हस्ताक्षरं वाचायची तिथेच लिहायला काही नसावं, हा नियम ज्याने कोणी केला त्याला यातली गंमत कळली नसावी. नियम मात्र बरोबर होता. पाकिटावर कोणाचं नाव आहे, कुठलं गाव आहे, ते डोळ्यांनी वाचायचं, बोटांनी यंत्राला सांगायचं आणि तिथल्या तिथे विसरायचं, अशी ती नोकरी होती. मिझुहाशी हिसाए ती बावीस वर्षं करत होती.

काम सांगायला सोपं. खालच्या मजल्यावर यंत्रातून पत्रं धावतात. यंत्र प्रत्येक पत्राचा फोटो काढतं आणि पत्ता वाचतं. जे अक्षर यंत्राला लागत नाही त्याचा फोटो वर हिसाएच्या पडद्यावर येतो. तिने तो बघून पिनकोड आणि घराचा नंबर दाबायचा. साधारण तीन सेकंद. मग तो फोटो जातो आणि दुसरा येतो. एकसष्टाव्या वर्षीही हिसाएचे तीन सेकंद चुकत नसत.

तोयामाच्या खाडीकाठची सगळी गावं तिला अशी अक्षरांवरून ठाऊक होती. हिमीतल्या एका मासेविक्रेत्याचं अक्षर कायम भिजलेलं असे. डोंगराकडच्या एका देवळातला भिक्षू इतकं वळणदार लिही की वळणांत गावाचं नावच हरवून जाई. यांच्यापैकी एकाचंही तोंड तिने पाहिलं नव्हतं. एखादं अक्षर थरथरायला लागलं की ती मनात म्हणे, यांना आता थंडी सोसत नाही. दोन-तीन वर्षांनी ते अक्षर यायचं थांबलं की ती काय ते समजून जाई. तेवढ्यात पुढचा फोटो आलेला असे.

ती लागली तेव्हा खोलीत बारा खुर्च्या होत्या. मग आठ झाल्या, मग पाच, आणि आता दोन. कारण सांगायची गरजच नव्हती. लोक लिहीत नव्हते, आणि जे लिहीत होते त्यांचं यंत्राला लागायला लागलं होतं. दुसऱ्या खुर्चीवर कायोको होती, पन्नाशीची, तोंडाने तिखट. ती म्हणायची, "पूर्वी डॉक्टर लोक होते म्हणून आपली चूल पेटायची. आता मेले तेही टाइप करतात."

ऑक्टोबरमध्ये खाली नवीन यंत्रणा बसली. त्याच आठवड्यात शोगावासाहेब गोड भाताच्या वड्यांचा खोका घेऊन वर आले. वय बेचाळीस, माणूस सरळ. खोका उघडून त्यांनी दोघींसमोर धरला आणि सांगितलं की मार्चअखेर ही खोली बंद होणार, उरलेसुरले फोटो दुसऱ्या शहरातल्या मोठ्या केंद्रात जाणार. कायोकोचे डोळे भरून आले आणि मग तिने नवीन यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हिसाएने एक वडी उचलली आणि खाल्ली. चांगली होती. साहेबांनी काळजीने विचारलं, काही बोलायचं आहे का. ती म्हणाली, नाही. खरंच काही नव्हतं. तिला काही वाटत नसे आताशा. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल कसा आपला नसल्यासारखा होतो, तशी ती नऊ वर्षं आतून होती आणि तिला त्याची सवय झाली होती.

त्यानंतर चार दिवसांनी तिच्या पडद्यावर तोमोचं अक्षर आलं.

साधं पांढरं पाकीट होतं. उभ्या रेघा डावीकडे कललेल्या, आडव्या रेघा उजवीकडे जाता जाता खाली घसरलेल्या, आणि आठचा आकडा म्हणजे दोन सुटी वर्तुळं एकावर एक ठेवलेली. पत्ता नामेरिकावा गावातला, नाव ताकिझावा. हिसाएची बोटं थांबली. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता मागच्या बाजूला लिहितात, आणि यंत्र फोटो काढतं फक्त पुढच्या बाजूचा. तिला ते पाकीट उलटायचं होतं, पण पडद्यावरचं पाकीट उलटत नाही. तिने आकडे दाबले आणि फोटो गेला. नऊ सेकंद लागले होते.

तोमोहिरो तिचा एकुलता एक मुलगा. नऊ वर्षं त्याचा पत्ता नव्हता.

तो जन्मला तोच डावरा. शाळेत घालायच्या आधीच्या उन्हाळ्यात हिसाएने त्याचा डावा हात टॉवेलने बांधला आणि उजव्या हातात पेन्सिल दिली. तेव्हा सगळ्याच आया असं करत. शाळेत ब्रशने लिहायचं तर सगळी वळणं उजव्या हाताच्या सोयीची, आणि डाव्या हाताने जेवणाऱ्या पोराच्या आईला लोक नावं ठेवत. नवरा, योशिनोरी, एकदा म्हणाला होता की असू दे, पोराला चेंडू तर छान टाकता येतो. हिसाएने ऐकलं नाही. ती मागे लागली की लागली. दोन वर्षांत हात बदलला. अक्षर मात्र आयुष्यभर तसं राहिलं, एका बाजूला लवंडलेलं.

योशिनोरी गेला तेव्हा तोमो एकोणतीस वर्षांचा होता, नागोयात नोकरीला. एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला घरी आला. भिक्षूला द्यायच्या दक्षिणेचं पाकीट ब्रशने लिहायचं असतं. थोरले दीर म्हणाले, आता घरातला कर्ता पुरुष हाच, यालाच लिहू दे. तोमो गुडघ्यांवर बसला आणि घाम पुसत पुसत त्याने लिहिलं. हिसाएने ते पाहिलं आणि दिरांच्या, जावांच्या, सगळ्या बसलेल्या माणसांच्या देखत उचलून दोन तुकडे केले.

"एकोणतीस वर्षांचा घोडा झालास," ती म्हणाली, "बापाच्या कार्याला तरी घराण्याचं नाव धड लिही. देवळात हे दाखवू का मी?"

तोमोने ब्रश खाली ठेवला. आवाज चढवला नाही.

"हे अक्षर माझं नाही, आई. तुझंच आहे."

मग तो विधीला शेवटपर्यंत बसला, सगळ्यांबरोबर जेवला, दिरांना वाकून नमस्कार केला आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. तीन महिन्यांनी त्याचा फोन नंबर लागेना. हिसाएने धाडलेलं नववर्षाचं कार्ड परत आलं, पत्त्यावर कोणी राहत नाही असा शिक्का घेऊन.

तिला शोधता आलं नसतं असं नाही. नगरकचेरीत जाऊन कुटुंबनोंदीचा उतारा मागितला असता तर आईला मुलाचा पत्ता मिळाला असता. एकदा ती गेलीही होती. यंत्रातून नंबराची चिठ्ठी घेतली, नंबर पुकारल्यावर उठली आणि दाराबाहेर पडली. त्याने दिलेला नसताना पत्ता काढून घेणं म्हणजे पुन्हा टॉवेल बांधण्यातलाच प्रकार, असं तिला वाटलं. पण आपल्या रोजच्या कामात, आपल्या रोजच्या पडद्यावर तो आपोआप समोर आला, तर ती गोष्ट वेगळी. निदान हिसाएने स्वतःची समजूत तशी घातली.

नामेरिकावाचा पत्ता ती विसरली नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. नोव्हेंबरातल्या एका सुट्टीच्या दिवशी ती गाडीत बसली आणि तिथे गेली. नियम माहीत होता. पकडली गेली असती तर मार्चपर्यंतसुद्धा थांबावं लागलं नसतं. समुद्राकडे जाणाऱ्या एका गल्लीत ताकिझावा नावाची पाटी सापडली. बाहेर नळाखाली एक म्हातारी मुळे धूत बसली होती. हिसाए एकदा घरावरून पुढे गेली, एकदा परत आली, आणि तिसऱ्या खेपेला म्हातारीने हटकलं.

"कोण हवंय?"

"स्टेशनला कसं जायचं, विचारायचं होतं."

"स्टेशन तुमच्या पाठीमागेच की. आलात तिथूनच ना मघाशी?" म्हातारीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "धर्माचा प्रचार करायला आला असाल तर आमच्याकडे देव भरपूर आहेत हो."

हिसाएने वाकून माफी मागितली. म्हातारीला काय वाटलं कोण जाणे, तिने एक मुळा वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हातात दिला आणि म्हणाली, एवढ्या लांब रस्ता चुकत आलात, रिकाम्या हाताने काय जाता. घरी येऊन हिसाएने तो मुळा माशाबरोबर शिजवला. एकटीला तीन दिवस पुरला. तोमो अशा बाईला पत्र कशाला लिहील, याचा विचार करता करता तिला उत्तर सापडलं: सासूला लिहिलं असणार. लग्न झालं असेल. तेव्हापासून ती त्या म्हातारीला मनातल्या मनात विहीणबाई म्हणायला लागली. विहीणबाईंना मुळे परसातले येतात की बाजारचे, गुडघे दुखतात का, अशा चौकश्याही मनातच करायची. सुई दिलेल्या गालावर बोटाने दाबल्यावर जेवढं कळतं, तेवढं तिला काहीतरी कळत होतं.

आता सगळी भिस्त डिसेंबरवर होती. नववर्षाची कार्डं पाकिटात घालत नाहीत. आणि कार्डावर पाठवणारा आपला पत्ता पुढच्याच बाजूला, डावीकडे लहान अक्षरात लिहितो. तोमो सासूला कार्ड धाडणार, यंत्राला ते लागणार नाही, ते वर येणार, आणि डाव्या कोपऱ्यात तो कुठे राहतो ते दिसणार. एवढंच हिसाएला हवं होतं. पुढे काय करायचं ते तिने ठरवलं नव्हतं. कुठल्या गावात त्याच्या घरावर पाऊस पडतो हे कळलं की बास.

पंधरा डिसेंबरला कार्डं यायला लागली. पूर्वी या दिवसांत जादा माणसं घ्यावी लागत आणि सगळ्या जणी जागेवरच तोरोरो समुद्रशेवाळात गुंडाळलेले भाताचे गोळे खात. आता दोन खुर्च्यांनाही मध्ये मध्ये रिकामा पडदा बघत बसावं लागे. जी कार्डं येत त्यांतल्या कितीतरी कार्डांवर कडेला लिहिलेलं असे की वय झालं, हात चालत नाही, हे आमचं शेवटचं कार्ड समजावं. कायोको मोठ्याने वाचायची आणि म्हणायची, "हे बघा, अजून एक जण सुटला."

हिसाएचे तीन सेकंद आता पाच झाले. ती पत्ता दाबायची आणि मग डाव्या कोपऱ्यात बघायची. शोगावासाहेबांच्या तक्त्यात ते दिसलं. त्यांनी येऊन अगदी हळू आवाजात विचारलं की तब्येत बरी आहे ना. ती म्हणाली, डोळे दुखतात. साहेब गेल्यावर कायोको खुर्ची सरकवून जवळ आली.

"हिसाएताई, कोणाची वाट बघताय?"

"कोणाची नाही."

"कोणी प्रियकर असेल तर अक्षर सांगून ठेवा. माझ्याकडे आला तर तुमच्याकडे वळवते."

हिसाएला क्षणभर सांगावंसं वाटलं. डावीकडे कललेलं, आठ असा. पण सांगितलं असतं तर कायोकोही नियम मोडण्यात सामील झाली असती. आणि खरी गोष्ट अशी की ते अक्षर तिला दुसऱ्या कोणाला दाखवायचं नव्हतं. म्हणून ती म्हणाली, "या वयात प्रियकर असला तर त्याचं अक्षर थरथरतच असणार," आणि कायोको हसत आपल्या जागी गेली.

पंचवीस तारीख आली. एकोणतीस आली. कार्ड आलं नाही. मग तिच्या डोक्यात दुसरंच शिरलं: कार्ड आलं असेल, आणि खाली नव्या यंत्राने ते वाचलं असेल. जे अक्षर शाळेत मास्तरांना लागलं नाही, कचेरीत कोणाला लागलं नाही, फक्त तिला लागायचं, ते आता भिंतीएवढ्या पेटीला लागलं असेल. तिला राग आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा, आणि तोही एका यंत्राचा.

एक जानेवारीला तिने भाताच्या दोन वड्या घालून सूप केलं आणि एकटीने खाल्लं. दारातल्या पेटीत रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा पडला होता. योशिनोरी असताना दीडशे यायची, आता एकवीस. तिने गठ्ठा बोटाने उलगडला. हाताने लिहिलेली दोन होती, तिच्या एका शाळेतल्या मैत्रिणीचं आणि म्हाताऱ्या मावसबहिणीचं. ती तिने वाचली. बाकीची छापील होती, दातांचा डॉक्टर, विमावाले, गाडीचं दुकान आणि योशिनोरीच्या नात्यातले सहा-सात मिझुहाशी, सगळे एकाच छापाचे. छापील अक्षर तिच्या नजरेला लागतच नसे. ते यंत्राचं काम, तिचं नव्हे. बावीस वर्षांच्या सवयीने डोळा त्याच्यावरून घसरून जाई. तिने रबर परत लावलं आणि गठ्ठा चहाच्या डब्यामागे ठेवला.

नववर्षाच्या प्रत्येक कार्डाखाली सोडतीचा एक नंबर छापलेला असतो. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सोडत निघते. टीव्ही, सहलीची तिकिटं वगैरे कोणाला लागतात देव जाणे. पण शेवटचे दोन आकडे जुळले की टपालतिकिटांचा लहानसा संच मिळतो, आणि तो मात्र दरवर्षी कोणा ना कोणाला मिळतोच. हिसाएने वर्तमानपत्र पुढ्यात घेतलं आणि गठ्ठा सोडून कार्डांच्या खालच्या कोपऱ्यांवरून नजर फिरवली. एकवीस कार्डांना अर्धा मिनिटही लागलं नाही. एक कार्ड लागलं होतं. ते तिने नावही न बघता पिशवीत टाकलं आणि कामावर जाता जाता कोपऱ्यावरच्या टपाल कचेरीत गेली.

खिडकीवरच्या मुलीने नंबर तपासला, त्याच्यावर शिक्का मारला आणि तिकिटांच्या संचाबरोबर कार्ड परत दिलं. देताना ते उलटं झालं. मुलगी हसून म्हणाली, "किती गोड आहे हो, बाबांच्या खांद्यावर कशी बसलीय."

दिरांच्या कुठल्या तरी नातवंडाचा फोटो असेल असं समजून हिसाएने पाहिलं. तीनेक वर्षांची मुलगी एका माणसाच्या खांद्यावर बसली होती. माणसाचे पुढचे केस विरळ झाले होते आणि तो डोळे बारीक करून हसत होता. तो तोमो होता.

ती बाजूच्या बाकावर बसली. पुढे सरका, असं कोणी म्हणालं तरी तिच्याने हललं नसतं. कार्डाच्या एका बाजूला तिचं नाव आणि पत्ता, ब्रशने लिहिल्यासारख्या सुबक छापील अक्षरात. एक रेघ कललेली नाही. डावीकडे ओकायामातला एक पत्ता, मिझुहाशी तोमोहिरो, खाली बायकोचं आणि मुलीचं नाव असावं, चिनात्सु, फुकी. दुसऱ्या बाजूला फोटोखाली नवीन वर्षाच्या शुभेच्छा, आणि, इकडे कधी आलात तर अवश्य घरी या. ते वाक्य सगळेच छापतात. त्याच्याखाली दोन बोटं रुंद कोरी जागा होती. तिथे लोक हाताने एखादी ओळ लिहितात, कशी आहेस, बरेच दिवसांत भेट नाही, असं काहीतरी. तिथे काही लिहिलं नव्हतं. हिसाएने कार्ड उजेडाकडे तिरपं धरून पेनाचा दाब उमटलाय का ते पाहिलं. कागद सपाट होता.

तीन आठवडे ते कार्ड तिच्या स्वयंपाकघरात पडून होतं. ती मात्र डिसेंबरभर त्याच्या एका ओळीसाठी परक्यांच्या कार्डांचे कोपरे तपासत बसली होती. आणि आता मिळाल्यावर तिला कळेना की हे नक्की पाठवलं कोणी. तोमोने? की त्याच्या बायकोने, जिला काही माहीत नसेल? की जुन्या यादीत तिचं नाव राहून गेलं होतं आणि बटण दाबल्यावर सगळ्यांबरोबर तेही छापून निघालं? हाताने लिहिलेली एक ओळ असती तर तिने सांगितलं असतं, पेन रागाने धरलंय की मनापासून. छापील अक्षरातून तिला काही म्हणजे काही वाचता येईना. तिला रडू आलं नाही. ती कामावर वेळेत पोचली.

नववर्षाच्या उत्तराची मुदत टळून गेली होती, म्हणून तिने थंडीची विचारपूस करायचं साधं कार्ड घेतलं. चार कार्डं वाया गेली. तिचं अक्षर छान होतं, पूर्वी शेजारपाजारचे लोक पाकिटं लिहून घ्यायला येत. तिला त्या सुंदर अक्षराची पहिल्यांदाच लाज वाटली. पाचव्या कार्डावर तिने एवढंच लिहिलं: "कार्ड मिळालं. उशिरा पाहिलं, चूक माझी. त्या दिवशीचं पाकीट नीट होतं. मी फाडायला नको होतं. आई." पेटीत टाकताना तिच्या मनात आलं की हे खाली यंत्राला लगेच लागेल, कोणाच्याही पडद्यावर जाणार नाही.

नवव्या दिवशी उत्तर आलं. कार्डच होतं, आणि हाताने लिहिलेलं. अक्षर मोठं, गोलसर, सरळ उभं. हिसाएने ते आधी कधी पाहिलं नव्हतं. सुनेने लिहिलंय, असं तिला वाटलं, आणि तो स्वतः लिहीत नाही एवढं समजून घेऊन ती उभ्या उभ्याच वाचायला लागली.

"आई, पाकिटाचं विसरलो नव्हतो. कार्ड मीच पाठवलं. हाताने काही लिहिणार होतो, जमलं नाही. घर सोडलं त्या महिन्यापासून मी डाव्या हाताने लिहितो. वर्षभर पहिलीतल्या पोरासारखं गिरवलं. आता हेच माझं अक्षर. फुकी पण डावरी आहे. तिचा हात आम्ही बदलणार नाही. तिच्यासमोर त्याबद्दल एक शब्दही काढायचा नाही, हे कबूल असेल तर मार्चनंतर, थंडी सरल्यावर ये. तोमोहिरो."

हिसाए खाली बसली. घर सोडलं त्या महिन्यापासून. म्हणजे ऑक्टोबरातलं ते पाकीट त्याचं नव्हतं. दुसऱ्या कोणाचं तरी होतं, असाच कोणी तरी, कोणाच्या तरी आईने हात बांधलेला. नामेरिकावाच्या म्हातारीशी तिचं काही नातं नव्हतं. तिने तिचा मुळा फुकट खाल्ला होता. ज्या अक्षराची ती वाट बघत होती ते तिनेच त्याला लावलं होतं, आणि त्याने ते दारातून बाहेर पडल्या पडल्या टाकून दिलं होतं. नऊ वर्षं तो कुठेतरी हे गोल, सरळ अक्षर लिहीत होता, आणि ते तिच्या पडद्यावर आलं असतं तरी तिने तीन सेकंदांत आकडे दाबून पुढे पाठवून दिलं असतं.

सुख झालं की दुःख, ते तिला नीट कळलं नाही. छातीत काहीतरी दुखायला लागलं, सुई उतरताना गाल दुखतो तसं, आणि ते थांबेना. तिने नवीन कार्ड घेतलं. मजकुरात एकच शब्द लिहिला, कबूल. मग पत्ता लिहायला त्याचं कार्ड पुढे ओढलं. गाव लागलं, पेठ लागली. घराच्या नंबरातला मधला आकडा मात्र तिला लागेना. एक होता की सात, तिने चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं, खिडकीपाशी नेऊन पाहिलं. शेवटी ती उठली, छापील कार्ड शोधून आणलं आणि त्याच्यावरून तो आकडा उतरवून घेतला.